वळणावरचे वाघ

शुक्रवार, १० जानेवारी

रविवारी वाघ पाहायला जायचं म्हणे. सिमेंटचे!

नवे शेजारी आमच्याकडे जेवायला होते. धनराजनं जेवताना सगळ्यांना मोबाइल दाखवला. नागभीडच्या पुढं, रस्त्याच्या वळणावर कोण्या म्हाताऱ्यानं सिमेंटची जनावरं बांधली. टायरचे पट्टे लावलेले वाघ, काथ्याचं अस्वल, पाइपाच्या सोंडेचा हत्ती. लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. त्याची पोरगी दिव्यानी तर ताटावरून उठून नाचायलाच लागली.

मी दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मागची बोडी, आमच्या गावचं तळं, ओळखू आली. म्हातारा माझा बाप आहे.

रोशन मान खाली घालून भात कालवत बसला. नवरा माझा — अन् याले माहीत होतं!

दोन वर्षांपूर्वी त्याच वळणावर आई गवताचा भारा घेऊन एकटी येत होती. वाघानं नेली. तेरवी झाल्यावर मी बाबाले म्हटलं, गाव सोड, वरोऱ्याला माझ्याकडे चल. आला नाई. तेव्हापासून बोलणं बंद. अन् आता तिथंच बसून वाघ बांधतो!

शनिवार, ११ जानेवारी

नाई येत म्हणणार होती. पण जाते. पाहतेच.

रविवार, १२ जानेवारी

पाहिलं.

दहा-बारा गाड्या उभ्या. बड्डेचा केक कापून राह्यले होते तिथं! चार वाघ. मिशांना सायकलीचे आरे. एकाच्या जबड्यात डोकं घालून एक पोरगा ओरडत होता, वाचवा वाचवा. बाकीचे हसत होते.

धनराजच्या बायकोनं, मयुरीनं, दिव्यानीले वाघाच्या पाठीवर बसवलं. मले म्हणाली, ताई, तुम्ही पण या ना फोटोत.

बाबा हत्तीमागं सिमेंट कालवत होता. वाळला आहे. मले पाहून उभा राह्यला. "आली का?" एवढंच.

मयुरीनं विचारलं, ओळख आहे का? माझा बाप आहे, म्हटलं. तिनं पोरीले पटकन खाली घेतलं.

मग मले आवरलंच नाई. "माझ्या आईले खाल्लं त्यानं," मी म्हटलं, "अन् तू त्याच्यावर लेकरं बसवतं? लाज नाई वाटत तुले?"

केकवाले वळून पाहायला लागले. बाबानं हात पुसले. म्हणाला, उन्हात नको उभी राहू.

खाली विटेचा तुकडा होता. उचलला अन् जवळच्या वाघाचा कान फोडला. दोन घाव लागले. बाबानं अडवलं नाई. कानाचे तुकडे वेचत बसला. त्याचाच जास्त राग आला!



सोमवार, १३ जानेवारी

रोशन म्हणतो, फोडायला नको होतं. उद्यापासून स्वतःचा डबा स्वतः भर म्हटलं त्याले.

गुरुवार, १६ जानेवारी

दुपारी शकुबाईचा फोन. आईच्या बरोबरीची, दोघी मिळून गवताला जायच्या. त्या दिवशी तिले ताप होता, म्हणून आई एकटी गेली.

वाघाचा कान फोडला म्हणून खूप बोलली मले. मग म्हणाली, "तुझ्या मायच्या वक्ती त्या वळणावर चिटपाखरू नव्हतं. कोण आरडणार? आता सकाळपासून दिवेलागणीपर्यंत गाड्या थांबतात, मानसं असतात. आमी साऱ्या बाया तिथूनच जातो-येतो. तुझा बाप काऊन बांधून राह्यला मंग? त्याले का वाघाचा शौक हाये?"

फोन ठेवला. भांडी तशीच टाकली अन् बाबाले लावला. उचलला त्यानं. शकुबाईनं सांगितलं, म्हटलं.

म्हणाला —

"तुझी माय होती तवाच बांधाले पायजे होतं, बाई."