पायरीला हात न लावता

आबा, रविवारी मी पाण्यातून अर्ध्यातच बाहेर आलो. घरात हे कुणाला माहीत नाही. घरच्यांच्या लेखी मी शर्यत पुरी केलेली आहे. तुमच्या नातीनं पदक तुमच्या फोटोच्या खिळ्याला अडकवलंय, आणि दोन दिवस झाले शेजारपाजारचे लोक येऊन ते हातात घेऊन वजन बघून जातायत. तुम्हाला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मला कधी तुम्हाला एक ओळ लिहावीशी वाटली नाही, आणि आज शाळा लवकर सुटली म्हणून घरी येऊन, शाळेच्या ऑफिसातले बरोबर आणलेले कागद बाजूला सारून लिहायला बसलो, ते खोटं पचत नाही म्हणून. शर्यत म्हणजे काय ते आधी सांगतो. साडेसातशे मीटर पोहायचं, पाण्यातून निघालं की ओल्या अंगानं वीस किलोमीटर सायकल, सायकल टेकवली की पाच किलोमीटर पळायचं. तिन्ही एकामागोमाग, मध्ये बसायचं नाही. तुम्ही म्हणाला असतात, "लोकायची पोटं भरल्याली दिसायलीत." आणि तुमचं काही चुकलं नसतं. पण मी काही हौसेनं गेलो नव्हतो. मला गेल्या उन्हाळ्यात सत्तेचाळीसावं लागलं. तुम्हाला ते पुरतं भोगता आलं नव्हतं.

ती विहीर अजून आहे. सेलूला कापसाच्या बाजारामागं तुमचं मोटारी भरायचं, जळालेल्या पंपांना नवी तार गुंडाळायचं दुकान होतं, आणि सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून गावाकडं न्यायचात. विहिरीचे मालक बापू, त्यांच्या मळ्यातली मोटार सारखी पाणी ओढेनाशी व्हायची. पाइपाच्या तोंडाला गाळ आणि शेवाळ अडकायचं, आणि बुडी मारून तळाला जाऊन ते साफ करायला तुमच्याशिवाय कुणी तयार नसायचं. ज्या विहिरीवर तुमच्या वडिलांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, तिच्या तळाला तुम्ही हात घालून यायचात. मला याचं तेव्हा काही वाटत नव्हतं. मला वाटायचं ते डब्याचं. तेलाचा रिकामा डबा तुम्ही दुकानात कथलाचा डाग देऊन बंद केला होता, त्याला दोन कड्या जोडल्या होत्या, आणि त्यातून दोर ओवून तो माझ्या पाठीला बांधला होता. इतर पोरांच्या पाठीवर वाळलेला भोपळा असायचा. माझा डबा पाण्यात उन्हानं चमकायचा. तुम्ही मला हातानं करून दिलेली ती एकच वस्तू. एक दिवस तुम्ही तो बांधलाच नाहीत, नुसता दोर बांधलात, आणि मला अर्धा फेरा झाल्यावर कळलं. वर बघितलं तर तुम्ही हसत होतात. तुम्ही हसलेले मला फारसे आठवत नाहीत, म्हणून ते नीट ध्यानात आहे.

नियम एकच होता. पायरीला हात लावायचा नाही. विहिरीला एका बाजूनं दगडी पायऱ्या उतरत पाण्यात गेल्या होत्या. दमलो तरी गोल फिरत राहायचं, तुम्ही वरून दोर सोडला की दोराला धरून वर यायचं. मी दहा वर्षांचा असेन. तुम्ही मोटारीपाशी पाना घेऊन बसला आहात, बापू बांधावर उभे आहेत, आणि माझ्या हातापायांतलं बळ एकदम जातं. मी पायरी धरतो. धरतो कसला, तिला मिठीच मारतो. तुम्ही पाना टाकून धावत खाली आलात. मला वाटलं, उचलून घेणार. तुम्ही दंडाला धरून वर ओढलंत आणि बापूंच्या देखत थोबाडीत दिलीत. "हात लावायचा न्हाई म्हणलं व्हतं का न्हाई? दमलास तर बुड, पण पायरी धरू नको." येताना तुम्ही वाटेत सायकल थांबवून मला लिमलेटच्या गोळ्या घेऊन दिल्यात. बोलला मात्र काही नाहीत. मी गोळ्या खाल्ल्या, पण माफ केलं नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं मी त्या विहिरीवर गेलो नाही.

आणि तुम्ही गेलात तेही तसेच. दोन आठवडे छातीवरून हात फिरवत होतात. आई विचारायची, तुम्ही म्हणायचात, "पित्त झालंय, दुसरं काय." ती सकाळी जिऱ्याचं पाणी करून द्यायची, तुम्ही उभ्या उभ्या पिऊन दुकानात जायचात. दुकानातच पडलात, अर्धी भरलेली मोटार पुढ्यात आणि तार हाताला गुंडाळलेली. जीपमधून परभणीला नेताना तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी दुखत होतं का? आई म्हणाली, "सांगितलं न्हाई वो त्यायनं." तेवढंच ती पुढं वर्षभर ज्याला त्याला सांगत राहिली.

तर सत्तेचाळीसावं लागल्यापासून मी भ्यालो, आबा. सरळ सांगतो, लय भ्यालो. शाळेत हजेरीपत्रकं लावताना मध्येच नाडी बघायचो. जिना चढून दम लागला की वाटायचं, आलं. मुलगी बारावीला आहे, तिच्याकडं बघितलं की माझं एकोणिसावं वर्ष आठवायचं, तुमच्यामागं आईनं आणि मी ते कसं काढलं ते. मग कुणाच्या तरी मोबाइलवर या शर्यतीची जाहिरात दिसली. बाहेरगावची पोरं जिंतूरच्या पुढं धरणावर भरवणार होती. आणि माझ्या डोक्यात एक वेडेपणा बसला, की हे पुरं केलं तर माझं काळीज तुमच्यासारखं नाही, हे ठरेल. वर्ष टळेल. मी कुठल्या देवाला कधी नवस बोललो नाही, आपल्या घरात ती रीतच नाही. पण नवस नाही तर दुसरं काय होतं ते? अर्जाला डॉक्टरांचा दाखला जोडायचा होता. ओळखीचे डॉक्टर म्हणाले, एकदा कार्डिओग्राम काढून घेऊ. मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात येतो, आज सही तेवढी द्या. त्यांनी दिली. पुढचा आठवडा अजून आला नाही.

सहा महिने मी सकाळी जिनिंगच्या रस्त्यानं पळालो. कापसाच्या गाड्या अंगावरून जायच्या, नाकातोंडात कापूस जायचा. तुमची सून दारात उभी राहून म्हणायची, "या वयात कुणाच्या मागं पळायलाव तुमी?" मागं नाही, पुढं पळत होतो, पण हे तिला कसं सांगायचं? पोहायला पाणी मात्र सेलूत कुठं मिळेना. शेवटी त्याच विहिरीवर गेलो. बापू कधीच गेले. त्यांचा मुलगा, माझ्याबरोबर शाळेत होता तो, आता मालक. त्यानं आनंदानं हो म्हटलं, रोज स्वतः काठावर येऊन बसायचा. एके दिवशी मला धापा टाकत फिरताना बघून म्हणाला, "बस की पायरीवर. दम खा जरा." मी मानेनंच नाही म्हटलं. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "बापूचं गेलं बापूसंग. त्यायनं तुज्या आबाला सांगितलं व्हतं, पोराला पोहू दे, पण पायरीला हात लागू देऊ नको, आमच्या बाया तिथं घागरी भरायला उतरत्यात. तुजा आबा हो म्हणला. मी तितंच व्हतो."

सदतीस वर्षांनी मला ती थोबाडीत कळली. पाणी चालत होतं, दगड चालत नव्हता. मोटार बंद पडली की तुम्ही तळाला गेलेले चालत होतात, आणि मोटार सुरू झाली की पायरीवर बसलेले चालत नव्हतात. तुम्ही हो म्हणालात, कारण मला पोहायला यावं एवढंच तुम्हाला पाहिजे होतं. आणि मला कारण सांगितलं नाहीत, कारण दहा वर्षांच्या पोराला ते कळू नये, असंही तुम्हाला पाहिजे होतं. मला तुमचा राग आला, बापूंचा आला, समोर मान खाली घालून बसलेल्या त्या बिचाऱ्याचाही आला. तो म्हणतच होता, "आता धर की, तुला कोण काय म्हणतंय." मी हात पुढं केला, आबा. खरंच केला. दगडापासून वीतभर अंतरावर तो थांबला, आणि मी वळून पुढचा फेरा घेतला. ताठपणा म्हणा, सवय म्हणा.

रविवारी सकाळी धरणाचं पाणी बघितलं. त्याला कडच नाही. सूचना सांगणारा मुलगा भोंग्यावरून सांगत होता, पाण्यात नारंगी फुगे सोडलेत, ते डाव्या हाताला ठेवून जायचं, आणि दमलात तर जवळच्या होडीला धरा, फक्त होडीनं पुढं ओढून घ्यायचं नाही. मी ऐकलं. सगळं ऐकलं. पाण्यात शिरल्यावर पहिले शंभर हात बरे गेले. मग वर बघितलं तर मी एकटा. बाकीचे सगळे, फुगेसुद्धा, उजवीकडं लांब. जन्मात फक्त एका गोल विहिरीत एकाच बाजूनं फिरलेला माणूस मी, माझे हात मला डावीकडंच वळवत होते. सरळ पोहणं मला कुणी शिकवलंच नव्हतं. परत रांगेत यायला जीव तोडून हात मारले, पुन्हा वर बघितलं, पुन्हा डावीकडं. तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा श्वास पुरेना. डोळ्यांपुढं ते हिरवं पाणी, आणि त्यात कुठंही भिंत नाही, दोर नाही, वर तुम्ही नाही. दमलास तर बुड, हे मला अगदी स्पष्ट ऐकू आलं. मी बुडायच्या बेतातच होतो.

होडी कधी शेजारी आली कळलं नाही. धरणावरचा मासेमारी करणारा माणूस होता, माझ्याच वयाचा. मी होडीची कड धरली. तो म्हणाला, "धरा साहेब, खुशाल धरा. सबूर करा, दम आला की जावा फुडं." आणि आबा, धरल्याबरोबर माझ्या मनानं ठरवूनच टाकलं, की झालं, संपलं. धरलं म्हणजे बाद. मी म्हणालो, "मला वर घ्या." त्यानं दोनदा विचारलं, "निम्म्याच्या वर आलाव की, कशाला सोडायलाव?" मी म्हणालो, घ्या वर. "पायात गोळा आला का?" मी हो म्हणालो.

काठावर तो भोंग्यावाला मुलगा हळहळला. "सर, धरायला परवानगी होती. सकाळी सांगितलं होतं ना?" सांगितलं होतं. ते बाकीच्या लोकांसाठी असेल, असं मला कुठंतरी आत वाटलं असणार. त्यानं सायकल आणि धावणं हवं तर करा म्हणून आग्रह केला, निकालात धरता येणार नाही एवढंच. मी सायकलीशेजारी टॉवेल पांघरून बसून राहिलो. निघताना मंडपाच्या दाराशी एक बाई येईल त्याच्या गळ्यात पदक घालत होत्या. माझ्याही घातलं. मी मान वाकवली. घरी आल्यावर पोरगी उडी मारून गळ्यात पडली, "बाबा, केलंत तुम्ही", आणि मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याचंच पदक आता तुमच्या फोटोला लटकतंय.

तुमचा राग मी आयुष्यभर केला तो त्या थोबाडीतीसाठी. आता वाटतं, राग करायचा तर दुसऱ्या गोष्टीसाठी करायला हवा होता. पायरी बापूंची होती, ती नाही धरलीत, ठीक. पण आई तर आपली होती. तिला एका शब्दानं सांगितलं असतंत, की इथं दुखतंय, तर कुणाचं काय बाटणार होतं? तुम्ही बाहेरचा नियम घरात आणलात आणि घरातही तसेच फिरत राहिलात. आम्ही सगळे काठावर उभे होतो, आबा. दोर आमच्या हातात होता.

स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली. तुमची सून हात पुसत दारात येऊन उभी आहे. "काय लिहायलाव एवढं?" मी म्हणालो, शाळेचं. ती जागची हलली नाही. "रविवारपासून तुमचा चेहरा उतरलाय. काय होतंय का?" मी म्हणालो, "काय न्हाई. पित्त झालंय." ती आत गेली. डब्याचं झाकण वाजलं. जिरं काढत असेल.

हा कागद ठेवायलाही जागा नाही, ती सगळे खण आवरते. फाडूनच टाकीन. त्याआधी एवढं लिहितो. पायात गोळा आला नव्हता. छातीत दुखून आलं होतं, डावीकडून दंडापर्यंत, आणि काल जिना चढताना पुन्हा आलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आज तुम्ही समोर असता, तर तुम्हालाही सांगितलं नसतं.