क्रॅन्डलच्या खिडकीशी माझा स्मृतिफलक

ती. ऑगस्टाताईस सप्रेम नमस्कार.

तुझा गुडघा, भावजींचे कान आणि तुमचा तो चावरा कुत्रा, सगळे ठीक असतील अशी आशा. इकडे मी वारले आहे. काळजीचं कारण नाही, सविस्तर सांगते.

मेन स्ट्रीटवरचं क्रॅन्डलचं दुकान तुला आठवत असेलच. (तू लग्नाची टोपी तिथूनच घेतलीस आणि तिचं पीस पाद्र्यांच्या डोळ्यात गेलं.) दुकान कधीच बंद पडलं, पण माडीवरची त्यांची जेवणाची खोली, म्हणजे खाणावळच, चालू होती आणि खिडकीशेजारचं टेबल माझं होतं. आता ओहायोच्या कुठल्याशा कंपनीने अख्खी इमारत घेतली. हल्ली आपल्या बेलफोर्ट गावात जुनं काही दिसलं की ते घासूनपुसून त्यात महागडं खायला ठेवतात. जुन्या बँकेत दारू मिळते, तुरुंगात आइस्क्रीम. आमच्या खोलीत म्हणे योगासनं होणार होती! मी अर्जावर अर्ज धाडले. कंपनीचा केसलर नावाचा पोरगेलासा साहेब उलट टपाली कळवायचा, "आपल्या भावना पोचल्या." भावना पोचल्या, पण काम तसूभर हललं नाही.

शेवटी मी नि शेजारच्या इमोजीनने ठरवलं, खोली मरतेय ना, मग रीतसर दुखवट्याला जायचं. चर्चच्या झाडून सगळ्या बायका काळे कपडे घालून, काचेच्या भांड्यांत जेवण घेऊन दारात हजर. माझ्या भांड्यात चीज घालून भाजलेले बटाटे होते (तुझे होतात तसे कोरडे नव्हेत). आता मयताच्या घरी भांडं न्यायचं तर बुडाला पट्टी चिकटवून आपलं नाव लिहायचं, नाहीतर भांडं परत येत नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ओहायोत नाही. नेमका त्या दिवशी इमारत बघायला आलेल्या केसलरने बटाटे चाटूनपुसून खाल्ले, भांडं उलटं केलं आणि 'डेल्फीन प्रुइट' वाचून मटकन खालीच बसला. काळे कपडे, जेवण, वर अर्जांवरचं तेच नाव. म्हणजे त्याच्या लेखी मयत मीच. त्याने इमोजीनला विचारलं, "बाई गेल्या कशाने?" ती भवानी म्हणते, "योगासनांच्या धसक्याने." मी तिच्या मागेच उभी होते, पण तोंडात केक, बोलणार कशी?

पोरगा ढसाढसा रडला, ताई. त्याने वरच्या साहेबांशी भांडून योगासनं रद्द करवली. जेवणाची खोली राहणार, आणि खिडकीशी पितळी फलक लागणार, 'दिवंगत डेल्फीन प्रुइट यांच्या स्मरणार्थ'. जिवंत होते तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं. गावाला सगळं ठाऊक आहे, पण सगळे मूग गिळून बसलेत. पाद्री म्हणतात, "मी खोटं बोलणार नाही, पण मला कुणी विचारलेलंही नाही." केसलरला कळलं तर मात्र खोली गेलीच. आणि खरं सांगू, हे गेल्यापासून घरी एकटीला घास उतरत नाही. त्या खोलीत चार माणसं तरी दिसतात.

भावजींना नमस्कार, कुत्र्याला लांबूनच.

तुझी, तूर्त स्वर्गवासी,
डेल्फीन

ता. क. शनिवारी फलकाचं अनावरण आहे. मयताच्या नातलगाने दोन शब्द बोलायचे आहेत, आणि आपल्या घराण्यात तुझ्यासारखं रडणं कुणाला जमत नाही. काळा पोशाख घालून तुमच्या मोबील शहरातून सकाळच्या बसने नीघ.

आणखी एक. माझ्या स्वभावाबद्दल खरंखुरं काही बोलू नकोस. मयत पहिल्याच रांगेत बसलेलं असेल.