मला आयव्ही लागत नाही

१२ मे
डेल्फाचा फोन. कबरी सजवायच्या रविवारी येतेय! तिच्या आईला पुरल्यावर सहा वर्षांनी लेक केंटकीत पाऊल ठेवणार, तेही तीन महिन्यांच्या बाळासकट. मी नातवाला अजून पाहिलेलं नाही. तोवर टेकडीवरचं आमचं कबरस्तान लख्ख करणार. एकटा. तिथे सगळीकडे पॉयझन आयव्ही माजलीय, ती वेल अंगाला लागली की खाज सुटून फोड येतात, पण मला ती लागत नाही. लहानपणी आजोबांनी तिचं पान मक्याच्या पावात घालून खाऊ घातलंय.

१७ मे
थोरली बहीण व्हर्ना फाटकातून ओरडली, होबी, हातमोजे घाल, मागे तोंडाचा भोपळा झाला होता ना! तो शिळ्या माशाने. कितीदा सांगायचं? शिवाय आज उचलल्या त्या वेली मी हिवाळ्यातच तोडल्या होत्या. पार वाळल्यात. मेलेली वेल काय करणार? कवेत भरून खाली आणल्या.

१८ मे
काहीही झालं नाही. व्हर्नाला मुद्दाम फोन करून कळवलं.

१९ मे, सकाळी ६
मनगटाला खाज. डास.

१९ मे, संध्याकाळ
यंदा डास फार.

२१ मे
दोन्ही हात, मान. फोडांतून पाणी. ब्लीचने पुसलं. पुसायला नको होतं.

२३ मे
हे पाणी लागलं की दुसऱ्याला होतं, हे इथे शेंबडं पोरही सांगेल. पण रविवारपर्यंत मी ठणठणीत.

२५ मे, रविवार
आंघोळ, धुतलेला लांब बाह्यांचा शर्ट. डेल्फाने आईच्या कबरीवर फुलं ठेवली आणि बाळ पुढे केलं. म्हणाली, डॅडी, घे ना. हात मागे घेतले. व्हर्ना शेजारीच उभी. तिच्यासमोर बाह्या वर करू? मेलो तरी नाही. म्हणालो, मला नाही जमत तान्ही पोरं. डेल्फा म्हणाली, तू बदलणार नाहीस. जेवायला लांब जाऊन बसली.

२६ मे
डेल्फा पहाटेच ओरेगॉनला आपल्या घरी गेली. मी दवाखान्यात. नर्स हसली. म्हणाली, फोडांतल्या पाण्याने पसरत नाही हो, वेलीच्या तेलाने होतं. वाळक्या वेलीतही असतं ते. आंघोळ झाली होती ना? मग खुशाल घ्यायचं होतंत बाळाला.

२७ मे
डेल्फाला सगळं खरं सांगायला फोन केला. ती म्हणाली, बोल ना डॅडी. व्हर्ना माझ्याच स्वयंपाकघरात कॉफी पीत बसली होती. म्हणालो, काही नाही, पोचलीस का ते विचारायला केला.
पोचली होती.