डाव्या हाताचा माऊस

व्हियारिका, ३ नोव्हेंबर

चि. लिब्राडा हिला आशीर्वाद, वि. वि.

बसने पार्सल पोचलं. माऊस एक, लोकरी मोजे एक जोड, आटवलेल्या दुधाची बरणी एक, झाकणाला तडा. बसवाल्याने चाळीस हजार ग्वारानी घेतले. सोबत पत्राची चिठोरीही नाही.

उजवं मनगट मोडल्यापासून सगळं डाव्या हाताने करते, हे प्रत्येक पत्रात लिहिलंय. तरी तू उजव्या हाताचा माऊस पाठवलास. फादरांनी दिलेल्या जुन्या संगणकावर लिनक्स आहे. शेजारचे सिरिलो मास्तर येऊन सेटिंगमध्ये 'डावखुरा' अशी खूण करून गेले, तरी पहिलं बोट दाबलं की भलतीच यादी लोंबते. मास्तर म्हणाले, "एउसेबियाबाई, सेटिंग बरोबर आहे, वस्तूच वाईट."

देवळातल्या गरिबांच्या पंगतीचा हिशेब काकुपेच्या माउलीच्या सणाआधी भरला नाही, तर फादर ते काम न्योमिसियाला देणार. ती पंगतीचा घेवडा कुठे नेते, ते तुला ठाऊक आहे.

ब्युनॉस आयर्सला गेलीस आणि बहिणीचा हात विसरलीस. आणखी काय लिहू?

तुझी ताई


ब्युनॉस आयर्स, ९ नोव्हेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून ताटावरून उठले. विसरले म्हणतेस? दुकानातले सगळे माऊस उजव्या हाताला वळलेले. हा सरळ अंगाचा शोधायला अख्खा शनिवार गेला. त्याचा सेटिंगचा प्रोग्राम लिनक्सवर चालत नाही, म्हणून बटणांची अदलाबदल आमच्याच संगणकावर करून दिली. ती माऊसच्या पोटात राहते. मग आठवडाभर मी स्वतः डाव्या हाताने वापरून पाहिला. पत्र घातलं नाही, कारण पार्सलाच्या वजनावरून तूच बोलतेस.

आम्ही एकदा उलटं केलं, मास्तरांनी पुन्हा उलटं केलं. मग होणार काय? त्यांची खूण काढून टाक. आणि हात विसरले असं पुन्हा लिहायचं नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
लिब्राडा


व्हियारिका, १४ नोव्हेंबर

चि. लिब्राडास आशीर्वाद.

खूण काढली. चालतो. हिशेब भरला, फादरांनी सही केली. न्योमिसिया पंगतीत वाढायला आली, तोंड एवढंसं. मास्तर म्हणतात, आपण तेच सांगत होतो. आज त्यांना गार तेरेरेचा पेला विचारला नाही.

माझा राग अजून पुरता गेलेला नाही. पार्सलात दोन ओळी घालत जा, वजनाचं मी बघून घेईन. आईच्या जपमाळेवर एक फेरा तुझ्या नावाने केला.

आठवडाभर डाव्या हाताने काम केलंस, तुझं मनगट दुखलं का? लोभ आटू देऊ नकोस, आणि उलट बसने लगेच कळव.

तुझी ताई