वाटीभर दूध

जालना, मंगळवार, दिवेलागण

टेंभुर्णीच्या चंद्रभागेचं बाळ काल गेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, बाळंतिणीचा ताप उतरेपर्यंत सांगायचं न्हाई. म्हणून मी हसून सांगते, तुझा ताप त्याला लागू नये म्हणून पलीकडच्या खोलीत ठेवलंय. ती वाटीत दूध काढून देते. पायदळी येऊ नये म्हणून मी ते लिंबाच्या बुडाशी ओतते. आज तीनदा ओतलं. मघाशी तिनं रिकामी वाटी न्याहाळली.

"पोटभर पेलं का, बाई?"

"सगळं पेलं गं माय."

कसं निघालं हे माझ्या तोंडून? वर हसले! ती वाटी किती घासली मी, तरी हातांना दुधाचा वास येऊन राह्यला.

डॉक्टरबाई म्हणतात, उद्या ताप उतरंल, मंग तूच सांग. मी नर्स, अन् देवाला मागून राह्यले की तिचा ताप उतरू नये.