रतिलाल साहेबाला ठेचणार!

१ डिसेंबर
धुळ्याहून मेल. बियाणे कंपनीच्या सगळ्या बिलिंगवाल्यांनी सोमवारपासून रोज ऑफिसात यायचं. घरून काम बंद. खाली नाव रतिलाल साहेबाचं. अरे, ऑफिस धुळ्यात, मी असोद्यात! चार वर्षांत घरून एक बिल चुकलं नाही. (एक चुकलं. लाइट गेली होती.) टेबलाला लाथ घातली. टेबल ठीक आहे. अंगठा सुजला.

कामिनी म्हणाली, साहेबांना शांतपणे फोन करा, अडचण सांगा. बायकोला काय कळतंय! मी विनवण्या करणाऱ्यातला नाही. मुस्काट फोडणाऱ्यातला आहे.

३ डिसेंबर
ऋतिकाला बालवाडीतून आणलं. वरणभात भरवला. पोरगी दुपारी फक्त माझ्याच हातून जेवते. हे कोणी हिसकावलं तर तंगडी तोडून हातात देईन. तसं ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं. लगेच डिलीट केलं. पण बिलिंगमधल्याच पुनमने वाचलं असणार. जरब बसली.

८ डिसेंबर, रात्री
पहाटे मोटरसायकलने जळगाव, पुढे बस. खिडकीतून सीटवर रुमाल टाकला. एका पैलवानाने तो उचलून त्यालाच नाक पुसलं. मी त्याची कॉलर धरली. त्याने माझी मान धरली. पारोळ्यापर्यंत उभा. साहेबाचं मुस्काट आजच फोडणार होतो, पण मान डावीकडे वळेना आणि साहेब डावीकडेच बसतो.

घरी आलो तर ऋतिका झोपलेली. दुपारी जेवलीच नाही म्हणे.

११ डिसेंबर
साहेब स्वतःहून म्हणाला, तुम्ही असोद्याचे ना, रविवारी शेतात भरीत पार्टी होऊन जाऊ द्या. सापडला! माझं शेत, माझ्या हातात मुसळ. सगळ्यांसमोर बजावणार, घरून काम द्या, नाहीतर वांग्यांच्या आधी तुम्हाला ठेचतो. कामिनी म्हणाली, नुसतं विचारा हो. मी हसलो.

१४ डिसेंबर, संध्याकाळ
कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली. मुसळ उचललं. साहेब पुढ्यातच बसलेला. तोंड उघडणार तोच म्हणाला, आधी भरीत होऊ द्या. मग काय, सगळा राग वांग्यांवर! मिरची, लसूण, दे दणादण. प्रत्येक घावाला मनात ‘रतिलाल!’ एकदा तोंडातूनही निघालं. साहेबाने ‘ओ’ दिली. मी विचारलं, मीठ बघता का?

साहेबाने चारदा वाढून घेतलं. ‘झकास शे!’ तेवढ्यात पुनमने पुऱ्या वाढता वाढता सांगितलं, सासूबाई आजारी आहेत, घरून काम मिळेल का? साहेब म्हणाला, घ्या की, उद्यापासून.

एवढंच? मीही उठलो. साहेबाने खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, तुम्हाला मात्र सोडणार नाही, आता दर शुक्रवारी ऑफिसात भरीत. मुसळ उद्याच ऑफिसात आणून ठेवा.

हो साहेब, म्हणालो. वेळ साधली नाही, इतकंच.

१५ डिसेंबर, दुपारी
कंडक्टरने मुसळाचं लगेजचं तिकीट फाडलं. बसमध्ये तोच पैलवान. मुसळ बघून विचारतो, लग्न कोणाचं? भांडलो नाही.

आत्ता कामिनीचा फोन आला. ऋतिकाने ताट ढकललं. कामिनीने फोन तिच्याकडे दिला. ती म्हणाली, पप्पा, तुम्ही साहेबांना विचारलंच नाही? मी म्हटलं, आत्ता विचारतो, बाळा.

साहेब समोरून आला. ताडकन उठलो. मूठ आवळली.

गुड आफ्टरनून म्हणालो.