बाबांच्या कबरीतला माणूस

ग्लोसा, स्कोपेलोस बेट
३ सप्टेंबर १९७८

चि. स्टाथिस यास,
आसिमीनाताईचे अ. उ. आ. वि. वि.

परवा थेस्सालोनिकीहून इथे पोचले. आई बरी आहे, पण फार वाळली. आलुबुखारे वाळवायच्या भट्ट्या पेटल्यात, साऱ्या गावाला गोड धुराचा वास आहे. खाली वाळूवर तुझ्या जर्मनीतले पर्यटक लाल होईपर्यंत पडून असतात. शेजारची झाफिरोकाकू विचारत होती, आपला स्टाथिसही तिकडे असाच सोलून निघतो का.

आता मुद्द्याचं. नोव्हेंबरात बाबांना जाऊन सहा वर्षं होतील. सगळ्यांच्या अस्थी तीन वर्षांत वर काढतात, वाइनने धुऊन लाकडी पेटीत ठेवतात. आपल्याच बाबांचं आई टाळत राहिली. म्हणते, माती अजून तयार नाही. पण दफनभूमी एवढीशी, जागा लागते. पाद्री पापा-ग्रिगोरिसांनी या वेळी निक्षून सांगितलं. येता शनिवार ठरलाय. ते ऐकल्यापासून आई धड जेवलेली नाही. तू हवा होतास.

तुझ्या हेल्गाला आशीर्वाद. लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.
तुझी,
आसिमीनाताई

ग्लोसा
१० सप्टेंबर

चि. स्टाथिस यास,
अ. आ. आधी कुठेतरी बस आणि मग पुढे वाच.

काल कबर उघडली. झाफिरोकाकू आत उतरून एकेक हाड वर देत होती, मी पांढऱ्या फडक्यावर घेत होते. मग उजव्या मांडीचं हाड आलं. सरळ, अख्खं, कुठे मोड नाही. बाबा झाडावरून पडले तेव्हा व्होलोसच्या इस्पितळात त्यांच्या याच मांडीत वीतभर पोलादी सळई घातली होती, आठवतं ना? थंडीत ती ठणकायची. मला वाटलं, मीच डावं-उजवं चुकतेय. दुसरं हाड घेतलं. तेही तसंच. मग हातांनी माती चाळली. सळई नाही. जबड्यात दात सगळेच्या सगळे, एकही किडलेला नाही. बाबांचे पुढचे तीन कधीच पडले होते.

काकूने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन फडकं वर ओढलं. पाद्री प्रार्थना म्हणत होते, त्यांच्या लक्षात आलं नाही. मी आईकडे वळले. वाटलं, ही आता कोसळणार. तिने नुसता हात पुढे केला आणि म्हणाली, वाइन दे. मग एकेक हाड तिने स्वतः धुतलं, लहान मूल न्हाऊ घालावं तसं.

तिला माहीत होतं, स्टाथिस. 

तुझी,
ताई

स्टुटगार्ट
१९ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र कारखान्याच्या दारात फोडलं आणि तिथेच पायरीवर बसलो. तीन दिवस कामावर गेलेलो नाही. चार गाड्या बदलून मी त्या अंत्यविधीला आलो होतो. शवपेटी माझ्या या खांद्यावर होती. कोण होतं तिच्यात?

आणि बाबा बुडून गेले हे तरी आपल्याला कोणी सांगितलं? आईनेच. मग ते कुठल्याशा बंदरात दुसरं घर मांडून बसले नसतील कशावरून? काल स्टेशनात एक म्हातारा लंगडत चालला होता. दोन गल्ल्या त्याच्या मागे गेलो. त्याने वळून पाहिलं तेव्हा माझं मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईला सरळ विचार. तिने उडवून लावलं तर मीच येतो.

उत्तराला उशीर नको. एवढी माया कर.
तुझा,
स्टाथिस

ग्लोसा
२ ऑक्टोबर

चि. स्टाथिस यास,
अ. आ.

आधी ती आशा सोड. बाबा नाहीत. आईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आपल्याला तिने सांगितलं होतं की कोळ्यांनी पाहिलं. पण खरं तर ती गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. खाली समुद्रात बाबांची होडी आडवी झाली. बाबा दोनदा वर आले, मग आलेच नाहीत. सहा वर्षं हे तिने एकटीने पोटात ठेवलं.

एकोणीस दिवसांनी वाळूवर देह लागला. चेहरा उरला नव्हता. आईला ओळख पटवायला नेलं. स्वेटर बाबांचा नव्हता, बांधा पोरगेलासा. ती नाही म्हणणारच होती. बंदराचा अधिकारी म्हणाला, कोणी ओळखलं नाही तर व्होलोसला नेऊन बेवारस पुरू. तेवढ्यात तिची नजर मोज्यांवर गेली. टाचेला पिवळ्या लोकरीने रफू केलेलं. मला म्हणाली, "कोणीतरी दिव्याजवळ बसून ते शिवलं होतं गं. मी हो म्हणून गेले."

माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, जिने शिवलं ती सहा वर्षं दारात उभी असेल, त्याचं काय?  आई म्हणाली, "ते मला रोज कळत होतं. पण त्याला देऊन टाकलं असतं तर माझ्याजवळ काय उरलं असतं?"

दुसऱ्या दिवशी तिने ट्रंकेतून ते मोजे काढले. धुऊन, घडी घालून ठेवले होते. मला सोबत न घेता लुत्राकीच्या बंदरावर गेली. अधिकारी नवा आहे. ऐकता ऐकता लिहायचंच विसरला म्हणे. त्या महिन्यात दोन तरुण बुडाल्याची नोंद आहे. दोन्ही घरी पत्रं गेलीत.

आईवर रागावू नकोस असं मी म्हणत नाही. मीही रागावलेय.
तुझी,
ताई

ग्लोसा
१२ नोव्हेंबर

चि. स्टाथिस यास,
अ. आ.

गुरुवारच्या बोटीने लिम्नोस बेटाहून एक बाई आली. त्रियांताफिलिया तिचं नाव. धक्क्यावरच तिने मोजे मागितले, उलटे केले, आतून टाके पाहिले. मग सगळ्यांदेखत आईच्या थोबाडीत मारली. आई जागची हलली नाही. मी मध्ये पडणार तोच ती बाई कोसळू लागली, आणि आईनेच तिला धरलं.

दोघी घरी बसल्या. बाईने विचारलं, त्याच्या कबरीपाशी कोण जात होतं? आई म्हणाली, "दर शनिवारी मीच. दिवा लावायची. हाक कशी मारायची ते ठाऊक नव्हतं." बाई म्हणाली, "मिरोन." आईने ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. तिचा मुलगा, एकवीस वर्षांचा होता.

परत जाताना बाईने अस्थींची पेटी मांडीवर घेतली, बाकावर ठेवू दिली नाही. बोट भूशिराआड गेली तरी आई हलेना. मग चपला काढून गुडघाभर पाण्यात शिरली. मी धावले. ती बाबांना नाव घेऊन खडसावत होती. म्हणे, अपोस्तोलिस, पोहायला शिक म्हणून तुला किती सांगितलं होतं. तिला असं रडताना मी बाबा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं.

नाताळात ये. आई-बाबा दोघांवर लोभ ठेव. आईवर थोडा जास्त.
तुझी,
आसिमीनाताई